पतंग मोजण्याआधी तक्ता आखावा लागतो

मुंबई–हावडा लोहमार्गावर राजनांदगाव मागे पडले की दुर्ग येण्याआधी रसमड़ा लागते. दुर्ग–भिलाई परिसरातील औद्योगिक वसाहतीमुळे हे नाव अनेकांना परिचित आहे. भोवती मात्र छत्तीसगडचा धानपट्टाच पसरलेला आहे. हाच पट्टा पश्चिमेकडे गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीत उतरतो. खोडकिडा, गादमाशी आणि तुडतुडे यांना राज्याची सीमा ठाऊक नसते. किडीच्या नोंदींना मात्र ती चांगलीच ठाऊक असते, आणि तेथूनच अडचणींना आरंभ होतो.

पहिली अडचण गावाच्या नावातच आहे. हिंदीत ते ‘रसमड़ा’ असे लिहितात. मराठी माणूस नुक्ता गाळून ‘रसमडा’ लिहितो. रोमन लिपीत ‘ड़’साठी कोणी ‘आर’ वापरतो, कोणी ‘डी’. ते रोमन नाव पुन्हा देवनागरीत आणताना ‘रसमरा’ होते. इतकेच नव्हे, तर ‘रसमड़ा’ हे शुद्ध रूपही संगणकात दोन प्रकारे साठवता येते. यूनिकोडमध्ये ‘ड़’ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. शिवाय ‘ड’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता अशी जोडणीही चालते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. डोळ्यांना फरक कळत नाही. शब्दांचे रूप आधी एकसारखे करून घेतले नसेल तर संगणक मात्र त्यांना दोन निराळी गावे मानतो. चार सर्वेक्षकांनी एकाच गावातून खोडकिड्याच्या बारा नोंदी पाठवल्या आणि त्या तीन-तीन करून चार नावांखाली विखुरल्या, तर त्या गावातील वाढता प्रादुर्भाव अहवालात दिसणारच नाही. सल्ला चुकतो तो किडीच्या अज्ञानामुळे नव्हे, तक्त्याच्या आखणीमुळे.

कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट शिकण्याची संधी अभ्यासक्रमात आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात ‘कृषी माहितीशास्त्र’ हा दोन श्रेयांकांचा विषय आहे. त्यांपैकी एक श्रेयांक तात्त्विक आणि एक प्रात्यक्षिक. डेटाबेसची संकल्पना, त्याचे प्रकार आणि शेतीतील उपयोग हे तात्त्विक भागात येते. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये डेटाबेस तयार करणे, प्रश्न विचारून उत्तरे काढणे आणि अहवाल बनवणे हे प्रात्यक्षिकात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या महाविद्यालयांपासून अकोला, परभणी, राहुरी आणि दापोलीपर्यंत याच चौकटीत शिक्षण झाले. मात्र या विषयात संगणकाच्या ओळखीपासून पीक प्रारूपांपर्यंत आणि मोबाइल ॲपपासून भूस्थानिक तंत्रापर्यंत इतके काही कोंबलेले आहे की डेटाबेसच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन प्रात्यक्षिके येतात. त्यांतही बटणे कोठे आहेत हे शिकवण्यात वेळ जातो. खरे शिक्षण बटणांचे नसून आखणीचे आहे, आणि त्यासाठी कागद व पेन्सिल पुरते.

एक ओळ म्हणजे नेमके काय?

कीड सर्वेक्षणाची माहिती साठवण्यास सांगितले की विद्यार्थी बहुधा एकच लांबलचक तक्ता करतात. दिनांक, शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक, गाव, तालुका, जिल्हा, पीक, वाण, पेरणीची तारीख, पिकाचे वय. मग झाड १, झाड २ असे करत झाड २० पर्यंतचे रकाने. नंतर पतंग, अळ्या, टक्केवारी आणि शेवटी शेरा. कार्यालयातील कागदी प्रपत्रही साधारण असेच असते, म्हणून ही आखणी स्वाभाविक वाटते. प्रपत्र शेतात भरण्यासाठी सोयीचे असते यात शंका नाही. पण भरण्याची सोय आणि साठवण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या तक्त्याचा पहिला दोष पुनरुक्तीचा. शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक प्रत्येक भेटीच्या ओळीत पुन्हा लिहिला जातो. हंगामाच्या मध्यावर त्याने क्रमांक बदलला तर आधीच्या सर्व ओळी दुरुस्त कराव्या लागतात. त्यांतील दोन राहून गेल्या की एकाच शेतकऱ्याचे दोन क्रमांक होतात आणि सल्ल्याचा संदेश कोणत्या क्रमांकावर जाईल हे सांगता येत नाही. दुसरा दोष असा की, निवडलेल्या पण अद्याप भेट न दिलेल्या शेताला या तक्त्यात जागाच नाही. तिसरा त्याच्या उलट: एखाद्या शेताची एकमेव नोंद चुकीची म्हणून पुसली, तर तिच्याबरोबर ते शेत आणि तो शेतकरीही नाहीसा होतो.

यावरचा उपाय १९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएममधील गणितज्ञाने मांडला. माहिती परस्परांशी जोडलेल्या सुट्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक तक्ता एकाच प्रकारच्या गोष्टीविषयी असावा आणि त्यातील प्रत्येक ओळ स्वतःच्या ओळख क्रमांकाने ओळखली जावी, असा त्याच्या विचाराचा गाभा आहे. या ओळख क्रमांकालाच प्रायमरी की म्हणतात. पुढे १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे संबंध आकृतीत काढण्याची पद्धत दिली. प्रात्यक्षिकाच्या वहीत चौकोन आणि रेषा काढल्या जातात त्या तिच्यातूनच आलेल्या. पाठ्यपुस्तकात नॉर्मलायझेशनचे टप्पे तांत्रिक भाषेत येतात आणि विद्यार्थी ते पाठ करतात. व्यवहारात दोन प्रश्न विचारले तरी बरेचसे काम होते: या तक्त्यातील एक ओळ म्हणजे नेमके काय? आणि ही गोष्ट बदलली तर ती किती ठिकाणी दुरुस्त करावी लागेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एका’ असे येईपर्यंत आखणी पूर्ण झालेली नसते.

या कसोटीवर घासले की तो लांबलचक तक्ता आपोआप सुटा होऊ लागतो. गावाचा तक्ता वेगळा, शेतकऱ्याचा वेगळा, भूखंडाचा वेगळा. येथवर विद्यार्थी सहज येतात. पुढची पायरी मात्र शेती जाणणाऱ्यालाच नीट चढता येते. भूखंड आणि पीक यांचा संबंध काय? ‘एका भूखंडावर एक पीक’ असे उत्तर वर्गातून येते आणि पीक हा रकाना भूखंडाच्या तक्त्यात जाऊन बसतो. पण खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा असेल तर? सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असेल तर? दुर्ग परिसरात धान शेतात उभे असतानाच त्यात लाखोळी फेकून पेरतात. तिकडे या पद्धतीला उतेरा म्हणतात. पूर्व विदर्भातही लाखोळी अशीच घेतली जाते. म्हणजे त्याच दिवशी, त्याच बांधीत, दोन पिके. म्हणून ‘लागवड’ हा स्वतंत्र तक्ता हवा, आणि त्यात भूखंड, पीक, वाण व पेरणीची तारीख हवी. पिकाचे वय कोठेच साठवायचे नाही. पेरणीची तारीख आणि भेटीची तारीख असली की वय केव्हाही काढता येते. साठवलेले वय मात्र दुसऱ्याच दिवशी खोटे ठरते.

उरतात भेट आणि निरीक्षण. भेट म्हणजे कोणता सर्वेक्षक, कोणत्या दिवशी, कोणत्या लागवडीत गेला. निरीक्षण म्हणजे त्या भेटीत कोणती कीड, कोणत्या पद्धतीने, किती नमुन्यांत, किती आढळली. एका भेटीत अनेक निरीक्षणे असतात. झाड १ ते झाड २० या वीस रकान्यांच्या जागी वीस ओळी येतात. तक्ता रुंद न होता उंच होतो, आणि संगणकाला उंच तक्ता आवडतो.

जिल्हा बदलतो, गाव राहते

गावाचा तक्ता सर्वांत सोपा वाटतो. गावाला एक क्रमांक द्यावा, त्यापुढे नाव, तालुका आणि जिल्हा लिहावा. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत गावांना क्रमांक दिलेले आहेतच. तेच वापरले की नावाच्या लेखनाचा प्रश्न मिटतो आणि सर्वेक्षकाला नाव टंकित न करता यादीतून निवडता येते.

पण वरच्या पातळ्या स्थिर नाहीत. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये झाला, तेव्हा तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो मध्य प्रदेशात राहिला. १९७३ मध्ये त्यातून राजनांदगाव वेगळा झाला, २००० मध्ये छत्तीसगड राज्य आले, आणि १ जानेवारी २०१२ रोजी बालोद व बेमेतरा हे दोन जिल्हे दुर्गमधून फुटले. रसमड़ा या साऱ्या काळात जागचे हलले नाही. आता एखाद्याने दुर्ग जिल्ह्यातील खोडकिड्याच्या २०११ आणि २०१२ च्या नोंदींची बेरीज शेजारी शेजारी ठेवली, तर प्रादुर्भाव एकदम घटल्यासारखा दिसेल. घटलेला असतो जिल्हा. महाराष्ट्रातही १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया निघाला. धानाच्या किडींची दीर्घकालीन मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा ओलांडावा लागतो. म्हणून गाव कोणत्या जिल्ह्यात आहे याची नोंद ‘केव्हापासून केव्हापर्यंत’ अशा दोन तारखांसह वेगळ्या तक्त्यात ठेवणे शहाणपणाचे. नोंद गावाच्या पातळीवर असली की कोणत्याही वर्षाच्या सीमेनुसार बेरीज करता येते. जिल्ह्याच्या पातळीवर बेरीज करून साठवलेली माहिती पुन्हा गावात वाटता येत नाही. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

एक कीड, चार नावे. एक नाव, तीन किडी

कीटकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत नाजूक तक्ता किडींचा. हरभऱ्यावरील घाटेअळी, कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी, तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवरील फळ पोखरणारी अळी ही चार नावे बहुतेक वेळा एकाच कीटकाची असतात: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. जुन्या भारतीय साहित्यात तोच हेलिओथिस या नावाने सापडतो. चार पिकांच्या नोंदी चार नावांनी ठेवल्या तर या कीटकाचा पिकापिकांतून होणारा प्रवास दिसत नाही. खरिपातील तुरीवरची पिढी आणि शेजारच्या हरभऱ्यावरची पिढी यांचा संबंध तुटतो.

उलट प्रकारही तितकाच त्रासाचा. ‘लष्करी अळी’ म्हटले की धान उत्पादकाच्या डोळ्यांसमोर लोंब्या कुरतडणारी अळी येते, मका उत्पादकाच्या डोळ्यांसमोर पोंग्यातली अळी येते, आणि सोयाबीनमध्ये पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरालाही काही ठिकाणी हेच नाव लावतात. सीमेपलीकडे शब्द आणखी बदलतात. आपली गादमाशी तिकडे गंगई होते, पाने गुंडाळणारी अळी चितरी होते, आणि आपण ज्याला तपकिरी तुडतुडे म्हणतो त्याला छत्तीसगडमध्ये भुरा माहो म्हणतात. मराठी कानाला ‘माहो’ हा ‘मावा’ वाटतो, आणि मावा ही तर अगदीच वेगळी कीड. रसमड़ातील शेतकऱ्याने सांगितलेला ‘माहो’ मराठी सर्वेक्षकाने ‘मावा’ म्हणून नोंदवला, तर बुंध्याशी रस शोषणाऱ्या किडीचा सल्ला जाण्याऐवजी भलताच सल्ला जाईल.

आखणी अशी असावी: कीड हा एक तक्ता, त्यात शास्त्रीय नाव आणि ओळख क्रमांक, आणि ‘प्रचलित नाव’ हा दुसरा तक्ता, त्यात नाव, भाषा, प्रदेश, पीक आणि ते ज्या किडीला लागू होते तिचा क्रमांक. शेतकऱ्याचा शब्द टाकून द्यायचा नाही. तो जपून ठेवायचा आणि योग्य किडीशी बांधायचा. शास्त्रीय नाव बदलले तरी एकाच ओळीत दुरुस्ती होते.

या आखणीचा कस नवी कीड आल्यावर लागतो. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्यावर स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा ही अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम नोंदली गेली आणि पाहता पाहता ती देशभर पसरली. जेथे प्रत्येक किडीला तक्त्यात एक रकाना होता, तेथे अशा पाहुणीसाठी नवा रकाना, नवे प्रपत्र, नवा अहवाल असे सारे करावे लागते. ते होईपर्यंत सर्वेक्षक तिला शेऱ्यात लिहितात. शेऱ्यातील मजकुराची बेरीज होत नाही. उंच तक्त्यात मात्र कीड या तक्त्यात एक ओळ वाढते आणि त्याच दिवसापासून नोंद सुरू होते.

शून्य आणि ‘पाहिलेच नाही’

महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प, म्हणजे आपल्या परिचयाचा क्रॉपसॅप, सुरू झाला. राज्याचा कृषी विभाग, राज्यातील कृषी विद्यापीठे, नवी दिल्लीचे राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था अशा अनेकांनी तो उभा केला. सोयाबीन, कापूस, भात, तूर आणि हरभरा ही त्याची आरंभीची पिके. कीड सर्वेक्षक निश्चित आणि अनियमित अशा दोन्ही प्रकारच्या भूखंडांत निरीक्षण घेतो, नोंद संगणकावर चढते, विद्यापीठातील तज्ज्ञ तिचा अर्थ लावतात आणि सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो. या साखळीत सर्वेक्षकाने रिकामी सोडलेली एक जागा पुढे काय रूप घेते, हे प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने एकदा तरी पाहण्यासारखे आहे.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के फुले वा हिरवी बोंडे बाधित, ही तिच्या आर्थिक नुकसानीची रूढ पातळी. समजा, एका सापळ्यात १२ ऑगस्टला ९ पतंग सापडले, १३ ला ८, १४ ला पावसामुळे सर्वेक्षक पोहोचलाच नाही, आणि १५ ला ११. पातळी ओलांडली की नाही?

१४ तारखेची जागा रिकामी न ठेवता कोणी तेथे शून्य भरले, तर ‘सलग’ ही अट मोडते आणि संगणक सांगतो की काळजीचे कारण नाही. १४ तारखेची ओळच टाकली नाही आणि प्रश्न विचारणाऱ्याने केवळ शेवटच्या तीन नोंदी तपासल्या, तर ९, ८ आणि ११ या ‘सलग’ ठरतात आणि फवारणीचा सल्ला निघतो. पहिले उत्तर खोटा दिलासा, दुसरे खोटा इशारा. खरे उत्तर ‘माहीत नाही, सापळ्याकडे पुन्हा जा’ असे आहे. आणि ते मिळण्यासाठी १४ तारखेची भेट ‘झाली नाही’ अशा स्पष्ट स्थितीसह तक्त्यात असावी लागते. सापळा पडलेला होता, ल्युरची मुदत संपली होती, भेट झाली पण पतंग मोजता आले नाहीत, या साऱ्या वेगवेगळ्या स्थिती आहेत. त्यांच्यासाठी भेटीच्या तक्त्यात एक रकाना आणि निवडण्याची छोटी यादी पुरते.

डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, हे वाक्य सर्व विद्यार्थी परीक्षेत लिहितात. सरासरी काढताना त्याचा अर्थ उलगडतो. पाच सापळ्यांपैकी तिघांत १०, ० आणि ८ पतंग आढळले व दोन पाहिले गेले नाहीत, तर सरासरी ६ येते. त्याच दोन जागी शून्य भरले की सरासरी ३.६ होते. सर्वेक्षकाच्या बाजूने पाहिले तर शून्य भरण्याचा मोह समजण्यासारखा आहे: प्रपत्र अपूर्ण दिसत नाही, वरिष्ठ विचारणा करीत नाहीत. म्हणूनच ‘भेट झाली नाही’ असे लिहिणे लाजिरवाणे वाटू नये, अशी व्यवस्था आखणाऱ्यानेच करायला हवी. उलटपक्षी, पाहिले आणि काहीच आढळले नाही, तर ते शून्य आवर्जून लिहिले पाहिजे. कीड नसल्याची नोंद ही कीड असल्याच्या नोंदीइतकीच मोलाची आहे. प्रादुर्भाव कधी सुरू झाला हे आधीच्या शून्यांवरूनच कळते.

टक्केवारीबाबतही असेच. तक्त्यात ‘१० टक्के’ असे लिहिले की किती फुले पाहिली हे हरवते. २० पैकी २ आणि १०० पैकी १० यांची टक्केवारी एकच, विश्वासार्हता मात्र एक नाही. समजा, एका शेतात २० फुलांपैकी ४ डोमकळ्या निघाल्या आणि शेजारच्या शेतात १०० पैकी ५. टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर १२.५ टक्के येते, म्हणजे पातळीच्या वर. फुले आणि डोमकळ्या यांची बेरीज करून काढली तर १२० पैकी ९, म्हणजे ७.५ टक्के, पातळीच्या खाली. या दोन आकड्यांपैकी बरोबर कोणता, असा वाद वर्गात रंगतो. तो रंगू द्यावा, पण शेवटी हे दाखवावे की आर्थिक नुकसानीची पातळी शेतासाठी असते, सरासरीसाठी नव्हे. पहिल्या शेताला उपाय हवा, दुसऱ्याला नको. आणि पहिल्या शेतात आणखी काही फुले तपासून पाहणे सर्वांत बरे. तक्त्यात ‘तपासलेली संख्या’ आणि ‘बाधित संख्या’ हे दोन रकाने असतील तरच हा विचार शक्य होतो. टक्केवारी अहवालात काढावी, तक्त्यात नको. बाधित संख्या तपासलेल्या संख्येपेक्षा अधिक भरली तर ती स्वीकारू नये, असा नियम तक्त्यालाच घालून ठेवता येतो.

हे सारे काटेकोरपणाचे खूळ वाटेल. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे काय केले ते सर्वांना आठवते, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले तेही. न दिलेल्या सल्ल्याची किंमत असते, तशी अनावश्यक सल्ल्याचीही असते, आणि ती पैशांतच मोजली जाते असे नाही.

नोंद कोणाची, किल्ली कोणाकडे

आखणीनंतर व्यवस्थापन येते, आणि अभ्यासक्रमात ते बहुधा वेळेअभावी राहून जाते. रायपूरचेच एक उदाहरण येथे शिकवण्याजोगे आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांच्या पुढाकाराने मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या गावागावांतून धानाचे हजारो स्थानिक वाण गोळा झाले. तो ठेवा आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आहे आणि नंतरच्या भरीसह त्याची संख्या २३,००० च्या वर गेली आहे. अशा संग्रहात वाणाचे नाव ही ओळख होऊ शकत नाही. एकाच नावाचे दोन गावांतील धान वेगळे निघू शकते आणि एकच धान दोन नावांनी येऊ शकते. म्हणून प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र नोंदणी क्रमांक असतो, आणि तो कोठून, केव्हा, कोणाकडून आला ही माहिती त्या क्रमांकाशी जोडलेली असते. ही जोडणी सुटली तर उरते ते नुसते बियाणे. २००२ मध्ये या संग्रहाच्या वापराबाबत सिंजेंटा कंपनीशी करावयाच्या कराराची वार्ता बाहेर आली, तेव्हा छत्तीसगडमध्ये तीव्र विरोध झाला आणि करार बारगळला. कोणती माहिती कोणी पाहायची हा प्रश्न तांत्रिक नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

कीड सर्वेक्षणातही हाच प्रश्न लहान रूपात असतो. शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक, गट क्रमांक आणि शेतातील प्रादुर्भाव ही माहिती एकत्र असली की ती निविष्ठा विकणाऱ्याच्याही कामाची होते. म्हणून शेतकऱ्याचा तक्ता वेगळा ठेवण्याचा आणखी एक लाभ असा की, त्याच्यावर वेगळे कुलूप लावता येते. तज्ज्ञाला गाव, लागवड, भेट आणि निरीक्षण हे तक्ते दिसले तरी त्याचे काम होते. क्रमांक फक्त संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेला हवा. नोंद भरणाऱ्याला जुनी नोंद पुसण्याचा अधिकार नसावा. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद व्हावी आणि मूळ नोंदही राहावी. कोणी, कधी बदल केला हे आपोआप लिहिले जावे. प्रयोगवहीत खाडाखोड करताना मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ ओढावी, हे विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकलेलाच असतो. येथे तोच नियम संगणकाला सांगायचा असतो.

काही शिक्षक शेवटच्या प्रात्यक्षिकात एक साधी परीक्षा घेतात. विद्यार्थ्याने हंगामभर तयार केलेल्या डेटाबेसमधील निरीक्षणाचा तक्ता त्याच्यासमोर पुसून टाकायचा आणि राखीव प्रतीवरून तो परत आणण्यास सांगायचे. प्रत आहे का, ती कोणत्या तारखेची आहे, ती त्याच संगणकावर ठेवली होती की दुसरीकडे, आणि परत आणलेल्या तक्त्यातील प्रत्येक निरीक्षणाला त्याची भेट व प्रत्येक भेटीला तिची लागवड सापडते का, हे तपासायला वीस मिनिटे पुरतात. ज्यांची प्रत पेन ड्राइव्हवर, संगणकाशेजारच्या खणात असते, त्यांना दोन प्रती एकाच छपराखाली ठेवण्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात गळणारे छप्पर प्रत्येक महाविद्यालयात एक तरी असतेच.